वादळाच्या गाडीचा जोर

स्टँडवर सगळे त्याला वादळ म्हणत, कारण त्याची तीनचाकी स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांमध्ये हळू चाले. कुणीतरी थट्टेनं नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "आलं बघा वादळ!" माणूस मात्र खरोखरच घाईचा. एक घास गिळायच्या आत दुसरा घास हातात. चहानं जीभ भाजली नाही असा दिवस जात नसे. एवढी सगळी घाई अंगात घेऊन तो अशा गाडीवर बसायचा, जिला घाई म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या दुखण्याचं मूळ इथंच होतं.

गाडी खालच्या बस थांब्यावरून टेकडीवरच्या दवाखान्यात जायची. मागे समोरासमोर दोन बाकं, पुढे त्याच्या शेजारी आणखी एकाला जागा. रस्ता तसा बरा होता, पण दवाखान्याच्या फाटकाच्या अलीकडे एक वळण असं होतं, की तिथं रस्ता एकदम छातीवर यायचा. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याखाली बघू नये इतकं खोल. त्या वळणाच्या आधी वादळ गाडी कडेला घ्यायचा, मागे वळायचा आणि म्हणायचा, "चला मंडळी, जरा पाय मोकळे करा."

धडधाकट माणसं उतरायची. म्हातारे आणि आजारी बसून राहायचे. हलकी झालेली गाडी कण्हत-कुथत वळण चढायची, उतरलेले मागून चालत यायचे आणि वर सगळे पुन्हा आत. "भाडं आम्ही द्यायचं, का तुम्ही आम्हाला देणार?" असं रोज कुणीतरी विचारायचं, आणि रोज सगळे हसायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. एवढ्या वर्षांत गाडी त्या वळणावर एकदाही मागे सरकली नव्हती, पण या गोष्टीचं कौतुक कधी कुणी केलं नाही. वादळानंही नाही.

शेजारच्या जागेवर आठवड्यातून दोनदा त्याची बायको बसायची. तिची किडनी दगा देऊन बसली होती आणि वर दवाखान्यात मशीनला जोडून तिचं रक्त साफ करावं लागे. त्यासाठी डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातात, मनगटाच्या वर, दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत अखंड थरथर लागायची. ती थरथर चालू, तर सगळं चालू. थांबली तर सुई टोचायला जागा नाही, मशीन नाही, आणि पुढचं बोलायची कुणाची हिंमत नव्हती. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, तो अंगाखाली घेऊन झोपायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. वादळ रोज सकाळी उठल्या उठल्या तिच्या हातावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "चालू आहे."

"अहो, मी काय गाडी आहे का?" ती म्हणायची. घरी बसून ती दुकानदारांच्या शर्टांना काजं-बटणं करून द्यायची, आणि तिची जीभ तिच्या सुईइतकीच टोकदार होती.

एके दिवशी डायलिसिस विभागाच्या मोठ्या सिस्टरनी वादळाला बाजूला बोलावलं. तिच्यासारख्या पेशंटना खालून वर आणायला दवाखान्याला एक गाडी कायमची लावायची होती. सकाळी पेशंट आणायचे, त्यांचं होईपर्यंत वरच थांबायचं, मग सोडायचं. वादळाला आनंदानं हसावं की रडावं ते कळेना. आतापर्यंत बायकोला मशीनवर सोडून त्याला धंद्यासाठी परत खाली पळावं लागे, आणि ती चार तास छताकडे बघत एकटी पडून असे. हे काम मिळालं तर तो तिच्या उशाशी बसू शकणार होता. त्याला दुसरं काही नको होतं.

"पण मामा," सिस्टर म्हणाल्या, "माझे पेशंट रस्त्यावर उतरणार नाहीत. सोमवारी सकाळी मी स्वतः बसून बघणार. गाडी भरलेली पाहिजे आणि कुणी उतरायचं नाही. तो नवीन गाडीवालाही येतोय."

नवीन गाडीवाला म्हणजे नवरदेव. त्याची कोरी गाडी आरशापासून मडगार्डापर्यंत झिरमिळ्यांनी सजवलेली असायची, म्हणून स्टँडनं त्याचं हे नाव ठेवलं होतं. पोरगा स्वभावानं गरीब, पण त्याची गाडी ते वळण शीळ घालत चढायची. 

नवीन गाडी घेणं वादळाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग उरलं काय? तर आहे त्याच इंजिनातून जास्त जोर काढायचा, आणि तोही स्वस्तात. असा माणूस बाजारात शिरला की त्याचा वास विकणाऱ्यांना आधी येतो. सुट्या भागांच्या गल्लीत एका दुकानदारानं त्याला बोटभर लांबीची दोन चुंबकं दाखवली. पेट्रोलच्या नळीला बाहेरून बांधायची. म्हणे आतून जाणारं पेट्रोल सरळ रांगेत उभं राहतं आणि चांगलं जळतं. पेट्रोलला शिस्त लावायला ती काय शाळा आहे, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. वादळानं विचारलं नाही. त्याला विचारायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारी बसवून त्यानं खालच्या रस्त्यावर एक चक्कर मारली. "बघ, बघ कशी पळतेय! मूठ जरा पिळली की झेप घेते. कालपर्यंत अशी होती का? खरं सांग!"

घरी आल्यावर तिनं शिवणाचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. दोन्ही चुंबकं आत होती, अंगभर सुया चिकटलेल्या. "सकाळीच काढून घेतली," ती म्हणाली. "खाली सांडलेल्या सुया गोळा करायला फार बरी आहेत."

पण एवढ्यानं शहाणा होईल तर तो वादळ कसला? मग टाकीत टाकायच्या गोळ्या आल्या. त्यांनी पेट्रोलचा रंग तेवढा बदलला. मग निळा दिवा लुकलुकणारी एक डबी आली. ती बॅटरीला जोडायची होती, आणि दिवा खरोखर झकास लुकलुकायचा. मग कुणीतरी सांगितलं की सायलेन्सरच्या आतले पत्रे काढले की इंजिनाचा कोंडलेला श्वास मोकळा होतो. तेही केलं. गाडी अशी गरजायला लागली, की स्टँडवरच्या लोकांनी कानांवर हात ठेवले आणि मग टाळ्या वाजवल्या. स्टँडचा हा जुनाच रोग. तिथं गाडीचा जोर कानांनी मोजतात. वादळाची छाती फुगली.

"आवाजानं चढ चढता आला असता," बायको म्हणाली, "तर तुम्ही केव्हाच वर पोचला असता."

त्यानं गाडीत माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरली आणि वळणावर नेली. गाडी गरजली, थरथरली, वळणाच्या तोंडाशी आली आणि मान टाकून उभी राहिली. अर्धी पोती रस्त्यावर उतरवली, तेव्हा कुठं ती वर गेली. चुंबकं, गोळ्या, डबी आणि गर्जना, सगळ्यांनी मिळून एका पोत्याचंही वजन उचललं नव्हतं. वादळ भिंतीला टेकून बसला. त्याला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. सोमवार तोंडावर आला होता.

मग तो मिस्त्रीकडे गेला. हा मिस्त्री त्याचा जुना मित्र, आणि हात धुतल्याशिवाय सल्ला न देणारा माणूस. त्यानं हात धुतले, पुसले आणि म्हणाला, "ते बाजारातलं सगळं फेकून दे. एक गोष्ट आहे जिनं खरा जोर येतो. मी आतापर्यंत बोललो नाही, कारण तू ऐकशील अशी मला भीती होती."

"बोल की."

"इंजिनवरचं झाकण असतं ना, हेड. ते खालून थोडं घासायचं. आतली जागा कमी होते, पेट्रोल जास्त दाबलं जातं, भडका मोठा होतो. गाडी ओढते. पण हा जोर बाहेरून येत नाही, वादळ. तुझ्याच इंजिनाच्या आयुष्यातून येतो. ते तापणार. फार तापलं आणि वर ओझं असलं की आतून ठोकायला लागेल. टण टण असा आवाज येईल. तो आला की मूठ सोडायची, कडेला थांबायचं, थंड होऊ द्यायचं. तसंच दामटलंस तर भर चढावर बसेल, आणि मग माझ्या नावानं बोंब मारायची नाही."

"घास," वादळ म्हणाला.

आणि काय सांगावं, गाडी खरोखर ओढायला लागली! सगळी पोती भरून तो पुन्हा वळणावर गेला. जिथं रोज थांबायचा तिथं या वेळी थांबला नाही. गाडी वळणात शिरली, दबली, आणि पाय रोवून चढत गेली. वादळ एकटाच मोठमोठ्यानं ओरडत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गाडीतून काही न उतरवता ते वळण सर झालं होतं. फाटक दिसायला लागलं, आणि त्याच वेळी सायलेन्सरच्या गर्जनेखालून एक बारीक आवाज त्याच्या कानात आला. टण टण टण.

त्यानं ऐकला. न ऐकल्यासारखं केलं, पण ऐकला.

दुसऱ्या दिवशी बायको हौसेनं गाडीत येऊन बसली. मागे पोती तशीच होती. वर जाताना तिनं विचारलं, "हा कसला आवाज हो?"

"सायलेन्सरचा पत्रा आहे," तो म्हणाला. "ढिला झालाय."

ती मान डोलावून समोर बघायला लागली. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पत्रा म्हटला तर पत्रा.

सोमवारी सकाळपासूनच ऊन तापलं होतं. आधी नवरदेवाची पाळी होती. तो सिस्टर आणि पेशंटना घेऊन वर गेला, पेशंटना सोडून सिस्टरसकट परत आला आणि लाजत गाडी बाजूला लावून उभा राहिला. तोवर वादळ इंजिन चालू ठेवून बसला होता. बंद केलं आणि सिस्टरसमोर पुन्हा चालू व्हायला नखरे केले तर? या एका भीतीपोटी त्यानं ते तापलेलं इंजिन आणखी तापवलं. घाईच्या माणसाला वाट बघणं जमत नाही, तेच नेमकं त्या दिवशी त्याला भोवलं.

मागे सिस्टर बसल्या, एक निवृत्त गुरुजी, एक पोस्टमन आणि दोन म्हाताऱ्या बहिणी. सिस्टर सोडल्या तर सगळे मशीनवरचे सोबती, एकमेकांच्या सुया कुठे टोचतात तेही ठाऊक असलेले. बायको पुढे, त्याच्या शेजारी. डावा हात तिनं नेहमीसारखा मांडीवर जपून ठेवला होता.

"आज चालावं लागणार नाही म्हणे," गुरुजी म्हणाले. "मी आपले बूट घालून आलो होतो."

सगळे हसले. वादळही हसला. गाडी निघाली. बाजार मागे पडला, पाण्याची टाकी मागे पडली, आणि चढ सुरू झाल्या झाल्या तो आवाज आला. पोती घेऊन गेला तेव्हा तो शेवटी आला होता. आज सुरुवातीलाच.

त्यानं पहिला गिअर टाकला. आवाज थांबला. त्याच्या जिवात जीव आला. थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा सुरू झाला, या वेळी मोठा. आता कुणीतरी आतून हातोडीनं ठोकत असावं तसा. पायांना गरम वाफ लागत होती. मूठ सोडायची, कडेला थांबायचं, थंड होऊ द्यायचं. मिस्त्रीचा शब्द न् शब्द त्याला ऐकू येत होता. समोर ती रोजची जागा आली. त्याच्या हातांनी आपोआप हँडल कडेला वळवलं, इतकी वर्षांची सवय. आरशात सिस्टरचा चेहरा दिसला. त्या बघत होत्या. त्यानं हँडल सरळ केलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हा पत्रा नाही."

"वर पोचलो," तो म्हणाला. "झालंच. पोचलोच आपण."

गाडी वळणात शिरली. निम्मी चढली. मग आत काहीतरी फट्टदिशी फुटलं, आणि इतका वेळ गरजत असलेली गाडी एकदम मुकी झाली. क्षणभर ती तिथंच उभी राहिली. मागच्या म्हाताऱ्या बहिणींपैकी एकीनं विचारलं, "आलं का?"

गाडी मागे सरकली.

वादळानं ब्रेकवर दोन्ही पाय दिले. चाकं अडली, पण रस्त्यावर बारीक खडी होती आणि अडलेल्या चाकांसकट गाडी घसरायला लागली. डाव्या हाताला कठडा. पोस्टमन ओरडला. वादळानं हँडल जीव खाऊन पिळलं, गाडीची शेपूट भिंतीकडे वळवली, आणि मोठा आवाज करत गाडी दगडी भिंतीवर आदळून, एका अंगावर कलून थांबली. बायको उजव्या हातानं डावा हात पोटाशी कवटाळून बसली होती. तरी ती फेकली गेली आणि दारापाशीच्या लोखंडी दांडीवर आपटली.

"हात!" तो ओरडला. "हात दाखव! हात!"

तिनं हात पुढे केला. कोपराखाली कातडी सोलली होती. त्यानं मनगटाच्या वर बोट ठेवलं, पण त्याचा स्वतःचाच हात इतका थरथरत होता, की कुठली थरथर कुणाची ते कळेना. त्यानं दुसरा हात लावला. तोही तसाच. "लागत नाहीये," तो म्हणाला. "अगं, लागत नाहीये मला." आयुष्यात कधी एवढा भ्याला नव्हता तो.

सिस्टर मागून उतरून आल्या. त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, तिच्या हातावर बोटं ठेवली, मग गळ्यातला स्टेथोस्कोप लावला. "चालू आहे," त्या म्हणाल्या. "चांगली चालू आहे."

वादळ रस्त्यावर मटकन बसला. बाकीचे एकेक करून उतरले. गुरुजींची भुवई फुटली होती, पोस्टमनचा पाय मुरगळला होता. तेवढ्यावर निभावलं होतं. सिस्टरनी सगळ्यांना भिंतीच्या सावलीत बसवलं आणि मग त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा, तो आवाज तुम्हाला येत होता?"

नाही म्हणायला अगदी सोपं होतं. सायलेन्सरच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार? त्यानं वर बघितलं. सिस्टरच्या मागे बायको उभी होती.

"येत होता," तो म्हणाला. "पोती घेऊन आलो होतो, त्या दिवसापासून."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीचा वाटलेला माणूस जवळ आल्यावर भलताच निघावा, तसं.

काम नवरदेवाला मिळालं. तो स्वतः घरी येऊन सांगून गेला आणि सांगताना इतका ओशाळला, की वादळालाच त्याची समजूत काढावी लागली. मिस्त्रीनं कुठूनसं न घासलेलं जुनं हेड मिळवून बसवलं, सायलेन्सरही बदलला. गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली, हळू, कुरकुरणारी आणि शांत.

बायकोच्या मशीनच्या पुढच्या पाळीच्या दिवशी त्यानं सकाळीच गाडी पुसून दाराशी लावली. ती पिशवी घेऊन बाहेर आली.

"चल," तो म्हणाला. "सगळं काढून टाकलंय. वळणाआधी थांबेन, सगळ्यांना उतरवेन. पहिल्यासारखं."

"मी नवरदेवाच्या गाडीनं जाते," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"राग कसला." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मग लक्षात येऊन पुन्हा उजव्या हातात घेतली. "अहो, गाडीत जोर नव्हता तेव्हा मला कधी भीती वाटली नाही. सगळे हसायचे तरी तुम्ही थांबायचात. मी डोळे मिटून बसायची. चुंबकं लावलीत, गोळ्या टाकल्यात, मी हसले. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही पत्रा म्हणालात. आता तुमच्या शेजारी बसले की मी सारखी आवाजच ऐकत बसेन."

"मी तुझ्यासाठीच..." एवढं तो म्हणाला.

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "तेच तर."

ती चालत स्टँडवर गेली आणि नवरदेवाच्या गाडीत मागच्या बाकावर गुरुजींच्या शेजारी बसली. गुरुजींच्या भुवईवर अजून पट्टी होती. त्यांनी सरकून तिला जागा दिली. गाडी शीळ घालत निघाली.

वादळ आपल्या गाडीत बसून मागोमाग निघाला. धंद्याची वेळ होती, स्टँडवर दोघं-तिघं त्याला हाका मारत होते, पण त्यानं कुणाला घेतलं नाही. पुढच्या गाडीच्या झिरमिळ्या लांबून दिसत राहिल्या, मग वळणाआड गेल्या. रोज थांबायची जागा आली. सवयीनं त्यानं गाडी कडेला घेतली, मागे वळला, आणि तोंड उघडलेलं तसंच राहिलं. दोन्ही बाकं रिकामी होती. शेजारची जागाही.

त्यानं तोंड मिटलं आणि मूठ पिळली. गाडी एका दमात वळण चढून गेली.